पावसाआधी दंडात एक सुई : गोव्यातल्या किशोरवयीन मुलांसाठी फ्लूची लस

मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत लसीची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते. आरोग्य केंद्रातली नर्स आठवण करते, अंगणवाडीची बाई करते, आजी तर करतेच. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस झाली की विषय संपला असे आपण धरून चालतो. फ्लूची लस या रांगेत कुठेच बसत नाही. सरकारच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही, म्हणून शाळेत शिबिर होत नाही की केंद्रातून निरोप येत नाही. बालरोगतज्ज्ञाकडे जाणे सुटलेले असते आणि मोठ्यांचा डॉक्टर समोरच्या तापाचेच बघतो. तेरा ते अठरा वयाची मुले नेमकी या फटीत पडतात.

मी फार्मसी चालवते. धाकट्याची लस न्यायला आलेल्या आयांना थोरल्याबद्दल विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "त्याला कशाला? तो आता घोडा झालाय!" घोड्यालाही फ्लू होतो, पण ते सोडा. लस गोव्यात मिळते, या वयाला वर्षातून एकच डोस लागतो, सगळे काम तासाभराचे आहे. अडते ते तारखेपाशी, कारण ती सांगणारे कोणी नाही. म्हणून पहिल्यांदाच ही लस देऊ पाहणाऱ्या पालकांसाठी, आणि विशेषतः कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीकडून नोकरीसाठी नव्याने इथे आलेल्या घरांसाठी, हे क्रमाने लिहिते आहे.

आधी ठरवा : आपल्या मुलाला हवी का?

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, आयएपी, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सगळ्या मुलांना दरवर्षी ही लस द्या म्हणते. पाच वर्षांपुढे ती ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत २०१०पासून सहा महिन्यांवरच्या प्रत्येकालाच शिफारस आहे. म्हणजे धडधाकट चौदा वर्षांच्या मुलासाठी आपल्याकडे हा निर्णय घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यायचा आहे.

पण मुलाला दमा असेल, मधुमेह असेल, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असेल, वजन खूप जास्त असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर विचार करत बसू नका. दम्याच्या मुलांचे तर गोव्यात पावसात हालच असतात. भिंतींना ओल, कपाटात बुरशी, कपडे चार-चार दिवस दमट. छाती आधीच भरलेली असते, वर फ्लू आला की नेब्युलायझरवर भागत नाही. संधिवातासारख्या आजारासाठी ज्या मुलांना रोज अ‍ॅस्पिरिनची गोळी चालू असते त्यांनाही ही लस हवीच. अ‍ॅस्पिरिन आणि फ्लू एकत्र आले तर मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो.

धडधाकट मुलांचे काय? मी स्वतः द्यावी या मताची आहे. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू २००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, आणि ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. अशी गोष्ट क्वचितच घडते, हे खरे. पण तो एच१एन१ विषाणू कुठे गेलेला नाही. आता तो दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झाला आहे.

दुसरे कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे. जपानने १९६२ ते १९८७ या काळात शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली. नंतर सक्ती सैल झाली आणि १९९४मध्ये कार्यक्रम बंद पडला. मागे वळून आकडे तपासले तेव्हा दिसले की मुलांना लस मिळत होती त्या वर्षांत म्हातारी माणसे कमी मरत होती आणि कार्यक्रम थांबल्यावर ते मृत्यू पुन्हा वाढले. लस नातवाच्या दंडात आणि फायदा आजोबांना! आपल्याकडे चवथीला, म्हणजे गणपतीत, काय होते ते आठवा. सगळे बिऱ्हाड मूळ घरी जमते, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली, वीस-पंचवीस माणसे, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या म्हणणारी पोरे तासभर घसा ताणून गात असतात. फ्लूला याहून सोयीची जागा सापडणार नाही. लक्षण दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच रोगी विषाणू पसरवतो, म्हणजे खोकला नसलेले पोरही निर्धोक नसते.

लस दिली की फ्लू होणारच नाही, असे मात्र नाही. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला जमलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावे लागेल इतका आजार साधारण ४० ते ६० टक्के टळतो. झालाच तर बहुधा हलका जातो, इस्पितळात न्यावे लागण्याची शक्यता कमी होते. सर्दी-पडशाच्या इतर दोनशे विषाणूंवर, डेंग्यूवर, लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस या तापावर) ती काहीच करत नाही. जुलैत मुलाला शिंका आल्या की "लस फुकट गेली" म्हणू नका.

तारीख : मे महिना

फ्लूच्या आपल्याकडे दोन लाटा येतात. एक जानेवारी ते मार्च, दुसरी पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातली लाट विसरून चालत नाही. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, शाळाही तेव्हाच गजबजतात, आणि बालरथ या शाळेच्या बसच्या आणि सरकारी कदंब बसच्या काचा बंद होतात. लस घेतल्यावर अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. हिशेब सोपा आहे : मेच्या मध्यापर्यंत लस झालेली असावी.

आता वरच्या वर्गांची शाळा एप्रिलमध्येच सुरू होते आणि मे सुट्टीत जातो. ही सुट्टी कामाची. गावाला जाण्याआधी किंवा आल्याबरोबर लस उरकून घ्या. जूनमध्ये वह्या-पुस्तके, रेनकोट, ट्यूशनची फी या धबडग्यात ती हमखास मागे पडते.

मे हुकला म्हणून वर्ष सोडून देऊ नका. जूनमध्ये, जुलैतही घेता येते. पावसाळा अख्खा निघून गेला असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या, म्हणजे जानेवारीनंतरच्या लाटेला ती उपयोगी पडेल. दहावी-बारावीच्या पालकांनी याकडे जरा बारकाईने पाहावे. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, नेमक्या त्या जानेवारी ते मार्चच्या लाटेत असतात, आणि लसीचा जोर महिन्यांगणिक ओसरत जातो. अशा वर्षी मे बरा की ऑक्टोबर, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. दमेकरी मुलाला मात्र मेच. त्याचा पावसाळा लसीशिवाय काढायचा नाही.

फोन करा, पण दुपारी नको

अठरा वर्षांपर्यंतची मुले बालरोगतज्ज्ञाकडे जाऊ शकतात. "मी काय बाळ आहे?" म्हणून मुलगा अडून बसला तर घरचा फॅमिली डॉक्टरही ही लस देतो. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को इथे खाजगी डॉक्टर भरपूर आहेत. वाळपई, सांगे, काणकोणकडच्यांना थोडे अंतर कापावे लागते, म्हणून आधी फोन. गोव्यात नवे असाल तर ध्यानात ठेवा, दुपारी एकच्या सुमारास फार्मसी आणि खाजगी दवाखाने बंद होतात ते साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत. इथली दुपार झोपेची असते, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

फोनवर एवढेच विचारा : फ्लूची लस दवाखान्यात ठेवता का, की चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला सांगता? यंदाची नवी आली का? डॉक्टरांची फी धरून किती होतील? एका डोसची छापील किंमत साधारण दीड ते अडीच हजारांच्या घरात असते, कंपनीप्रमाणे बदलते. दोन मुले असतील तर खिशाला चाट बसतेच. तेव्हा ज्याला दमा किंवा दुसरा आजार आहे त्याचा नंबर आधी. ज्या मुलांवर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जिल्हा इस्पितळात उपचार चालू आहेत, त्यांच्या पालकांनी पुढच्या तपासणीला तिथल्याच डॉक्टरांकडे लसीची गोष्ट काढावी.

जाताना जुने लसीचे कार्ड न्या. कार्डावर "एच. इन्फ्लुएंझी बी" किंवा नुसते "हिब" दिसेल, आणि "याला इन्फ्लुएंझाची लहानपणी झालीय की!" असे तुम्हाला वाटेल. ती वेगळी लस. हिब हा जिवाणू आहे, बाळांमध्ये मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा. फ्लूच्या विषाणूशी त्याचे नाते नावापुरतेच. त्या नोंदीवर विसंबून फ्लूची लस टाळू नका.

डोस किती? नऊ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, आयुष्यात पहिल्यांदा घेत असला तरी, एकच. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन लागतात. धाकट्यालाही नेणार असाल तर दुसऱ्या डोसची तारीख त्याच दिवशी घेऊन या. मुलीची एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, किंवा सोळाव्या वर्षाची टीडी राहिली असेल तर ती त्याच भेटीत दुसऱ्या दंडात देता येते. एक फेरी वाचते.

खोका हातात घ्या आणि वाचा

हे मी काउंटरवर प्रत्येकाला करायला लावते. खोका तळहाताएवढा असतो, आत अर्ध्या मिलिलिटरची भरलेली सिरिंज किंवा छोटी कुपी. आधी मुदतीची तारीख बघा. मग त्यावर एनएच की एसएच लिहिले आहे ते, आणि वर्ष. एनएच म्हणजे उत्तर गोलार्धाच्या हंगामासाठी केलेली, एसएच म्हणजे दक्षिण गोलार्धाची. विषाणू सारखा रूप पालटत असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या लसीत कोणते विषाणू घालायचे ते जाहीर करते. आपण भूगोलाने उत्तर गोलार्धात असलो तरी आपला फ्लू पावसाळ्यात उसळतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या सुमारास येणारी एसएच लस आपल्याला वेळेवर सापडते. गेल्या ऑक्टोबरची एनएच मेमध्येही फ्रिजमध्ये उरलेली असू शकते, मुदतीतही असते. नवी दोन-चार दिवसांत येणार असेल तर थांबा. जून उजाडला तरी पत्ता नसेल तर आहे ती घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा.

खोक्यावर बारीक अक्षरात विषाणूंची नावे असतात. २०२५च्या एसएच लसीत ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२ हा एच१एन१ होता, ए/क्रोएशिया/१०१३६आरव्ही/२०२३ हा एच३एन२ आणि बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१ हा बी प्रकारचा. हे विषाणूचे पत्तेच समजा : आधी प्रकार, मग तो सापडला ते ठिकाण, नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष. काही खोक्यांवर चौथे नाव असते, बी/फुकेत/३०७३/२०१३. ते यामागाटा घराण्याचे. मार्च २०२०नंतर या घराण्याचा विषाणू जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आता तीन विषाणूंची लस पुरेशी मानली आहे. तेव्हा "तीनवाली की चारवाली" यावर डोके शिणवू नका; यंदाची आहे ना, ते बघा.

नाकात फवारायची लसही असते. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, म्हणून दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना ती देत नाहीत. दंडातल्या सुईत जिवंत विषाणू नसतो; तिने फ्लू होत नाही.

फार्मसीपासून दंडापर्यंत

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे आणि गोठता कामा नये. गोठलेली लस पुन्हा वितळली तरी निकामी. गोव्यात पहिल्या पावसात झाड पडते, वीज जाते आणि चार तास येत नाही. म्हणून ज्या दुकानात लसींचा वेगळा फ्रिज, त्यात थर्मामीटर आणि मागे इन्व्हर्टर आहे तिथूनच घ्या. "वीज गेली तर लसीचे काय करता?" असे बिनधास्त विचारा. नीट दुकानदाराला राग येत नाही, आणि ज्याला येईल त्याच्याकडून घेऊ नका.

बाहेरून आणायची असेल तर दवाखान्याजवळच्या फार्मसीतून, डॉक्टर आलेत याची खात्री करून मगच घ्या. थर्मासमध्ये किंवा जाड पिशवीत थंड जेल-पॅक घ्या, पण खोका त्याला थेट चिकटवू नका, मध्ये कागदाची घडी ठेवा. स्कूटरच्या डिकीत टाकून मासळी बाजाराला वळसा घालू नका. मेमधली ती डिकी म्हणजे भट्टी. आणि रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा बेत नको; दार शंभरदा उघडते, फ्रीझरखालच्या कप्प्यात गोठायचीही भीती.

मुलाशी बोला

चार वर्षांच्या पोराला चॉकलेट दाखवून बसवता येते, पंधरा वर्षांच्याला नाही. त्याला आदल्या दिवशी सांगा, का घेतोय ते सांगा, आणि वेळ त्याला ठरवू द्या. फुटबॉलची मॅच किंवा तबल्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी असेल तर पुढे ढकला, दंड एक-दोन दिवस दुखतो. लिहायचा हात सोडून दुसऱ्या दंडात घ्यायची. इंटरनेटवर काय वाचले ते त्याला डॉक्टरांना थेट विचारू द्या, आणि त्या वेळी आपण जरा गप्प बसा. आपली पोरे परक्या माणसाचे पटकन ऐकतात, हा अनुभव सगळ्याच आयांचा.

उपाशी नेऊ नका. पोळी-भाजी, पाव-भाजी, काहीही पोटात असू दे. सैल बाहीचा शर्ट घाला. डॉक्टरांना तीन गोष्टी आठवणीने सांगा : पूर्वी कुठल्या लसीने अंगावर गांधी येऊन श्वास अडकला होता का, गियान-बारे नावाचा नसांचा आजार कधी झाला होता का, आणि आत्ता ताप आहे का. साधी सर्दी असेल तर लस देतात; चांगला ताप असेल तर बरे वाटल्यावर. अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी लस घेता येते, फक्त सांगून ठेवा.

या वयात खरी भीती सुईनंतरच्या भोवळीची. उंचपुरी पोरे सुई पाहून पांढरी पडतात आणि उठून दोन पावले टाकली की कोसळतात. लागते ते डोके, लस नव्हे. म्हणून सुई बसून किंवा आडवे होऊन घ्या आणि नंतर पंधरा मिनिटे तिथेच बसा. मुलाला स्वतः स्कूटर चालवत येऊ देऊ नका, लगेच पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागेही बसवू नका.

घरी आल्यावर दंड दुखणे, थोडी कणकण, अंग मोडून येणे, हे एक-दोन दिवस चालते. थंड पट्टी ठेवा, लागले तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. चेहरा सुजला, अंगभर गांधी आल्या, श्वास लागला तर वेळ न घालवता १०८. असे फार विरळा होते आणि बहुधा त्या पहिल्या पंधरा मिनिटांतच, म्हणून तर तिथे बसायचे.

निघण्याआधी कार्डावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून, वर डॉक्टरांची सही घ्या. खोक्याचा फोटो काढा. आणि मोबाइलमध्ये पुढच्या एप्रिलच्या शेवटची आठवण लावून टाका, कारण ही लस दरवर्षी घ्यायची असते.

तरीही ताप आलाच तर

फ्लूचा ताप एकदम चढतो. सकाळी शाळेत गेलेला मुलगा संध्याकाळी अंथरुणात, डोके-पाठ-पिंढऱ्या ठणकत, कोरडा खोकला. पण पावसाळ्यात गोव्यात प्रत्येक तापाला फ्लू म्हणायची चैन नाही. डेंग्यू आणि मलेरिया आहेतच, शेतातल्या पाण्यात उतरलेल्या पोराला लेप्टोही होतो. दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन नाही, आणि डेंग्यूची शंका फिटेपर्यंत आयबुप्रोफेनही नाही. गेल्या वर्षीच्या तापातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी कचऱ्यात टाका, विषाणूवर ती चालत नाही. उकड्या तांदळाची पेज, पाणी, झोप. काढा प्यायचा तर प्या, त्याच्याशी माझे भांडण नाही.

दमेकरी किंवा दुसरा आजार असलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी न्या. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत चांगले लागू पडते, आणि ते डॉक्टरच ठरवतात. धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळसर झाले, मूल गुंगीत गेले, आठ तास लघवी झाली नाही, किंवा ताप उतरून पुन्हा जोरात चढला, तर कोणाच्याही बाबतीत थांबायचे नाही.

ताप पॅरासिटामॉलशिवाय पूर्ण २४ तास उतरलेला असल्याशिवाय शाळेत पाठवू नका, युनिट टेस्ट असली तरी. त्या वर्षीची लस घ्यायची राहिली असेल तर बरे झाल्यावर घ्या. "आता होऊन गेला, मग कशाला?" असे पालक विचारतात. झाला तो एका विषाणूचा. लसीतले बाकीचे त्याच हंगामात पुन्हा गाठू शकतात.